अपसव्य

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला,
उन्हात माझा गुडघा निळा दिसला.
"काकू, तरुणपणी काय करत होतात?"
"नोकरी."
"कसली?"
"पडायची."
ते हसले. गोळ्या लिहून दिल्या. जिने वर्ज्य.

पण खरंच नोकरी होती.
पंधराव्या वर्षापासून तीन हिवाळे,
ग्वाल्हेरच्या मेळ्यात, घोड्यांच्या बाजारामागे,
तंबूत फळ्यांचा गोल, कडेला चढता,
त्यावर दहा मुली, चाकं बांधलेल्या,
पाच लाल, पाच पिवळ्या.
तिकीट बारा आणे, पुढच्या बाकाला सव्वा रुपया.
मला रात्रीचे सात.
बाबांना मिलमध्ये दिवसाचे किती पडतात
हे मी घरात कधी मोठ्याने विचारलं नाही.

आईने जुन्या रजईतला कापूस काढून
गुडघ्यांना गाद्या शिवल्या,
तोंड फिरवून शिवल्या, पण टाका बारीक घातला.
चाकांना शिलाई मशीनचं तेल.
जानेवारीत बेअरिंग आधी रडायचं, मग फिरायचं.

शिकवायला झाशीच्या रेल्वे कॉलनीतल्या मिसेस ग्रिफिन.
गोलाच्या मधोमध उभ्या, दातांत शिट्टी,
"कोहनी अंदर! कमर नीचे!
लड़की, गिरना भी काम है!"
पडताना मूठ मिटायची, हे त्यांनी शिकवलं.
चाकाखाली बोट गेलं
तर भाकरी थापायला उरत नाही.

शाळेत मी कुमुद महाडकर, भूमितीत काठावर पास.
भोंग्यावर मी "आ गई, आ गई, किले की तोप!"
निकाल संध्याकाळीच ठरायचा.
मालक किरपालजी गजकच्या कागदावर लिहून आणायचे,
आज पिवळ्या. कुमुद पडेल, सातव्या फेरीला.
मी पडायचे. छान पडायचे.
बायका पदर तोंडाला लावायच्या,
घोडेवाले शिव्या द्यायचे आमच्या बाजूने.

तिसऱ्या हिवाळ्यातली एक रात्र मी कुणाला सांगत नाही,
म्हणजे सांगते, थोडी बदलून.
कागदावर माझंच नाव होतं.
शकुन बाहेरच्या अंगाला, पिवळ्यांतली,
माझ्याहून वर्षाने लहान, नाकात नवी तार.
तिने ठरल्याप्रमाणे खांदा दिला. हलका, कागदी.
मी सैल व्हायला हवं होतं.
आणि का कोण जाणे,
पुढच्या बाकावर आमचे भूमितीचे मास्तर होते म्हणून,
की फळी त्या रात्री पायाखाली फार गोड वाजत होती म्हणून,
मी पडले नाही.
मी खांदा परत दिला. खरा.

शकुन कठड्यावरून गेली.
टाळ्या. शिट्ट्या. कुणीतरी टोपी फेकली.
आणि त्या सगळ्याखाली एक लहानसा आवाज,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

किरपालजी रागावतील असं वाटलं होतं.
त्यांनी सात रुपये दिले, वर तीन बक्षीस.
मी घेतले.
बदलून सांगताना मी नेमकं हेच गाळते.

पुढच्या वर्षी त्या जागी गालिच्यांचं दुकान लागलं.
शकुनला मुरैन्यात दिली, असं कळलं.
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणे.
तिची वेणी कोण घालत असेल,
हा विचार मला केस विंचरताना येतो,
रोज नाही.

गल्लीतल्या दत्ताच्या देवळात
अजून माझी पहिली पावलं चुकतात.
सगळे देवाला उजवीकडे ठेवून चालतात,
माझं अंग डावीकडे कलतं,
कोपर आत, कंबर खाली,
गोलाच्या मध्ये कुणीतरी शिट्टी धरून उभं असल्यासारखं.
पुजारी खाकरतो. मी वळते.
पण वळण्याआधी, एवढ्याशा वेळात,
बाहेरच्या अंगाला कुणाचा तरी श्वास लागतो
आणि मी खांदा सैल सोडते.